लाल म्हणजे उत्कटता? संगीत मासिकांच्या मुखपृष्ठांचे ‘रसग्रहण’ आणि आमची तक्रार

शाईचे_बोट :
परवा येथे ‘संगीत मासिकाचे मुखपृष्ठ कसे वाचावे’ या नावाचा एक लेख आला. ब्रिटनच्या ‘क्यू’ मासिकाचे एक मुखपृष्ठ घेऊन लेखिकेने तीन निष्कर्ष काढले आहेत : कोपऱ्यातला लाल चौकोन म्हणजे उत्कटता आणि बंडखोरी, गायकाची रोखलेली नजर म्हणजे वाचकाशी जवळीक, आणि डाव्या बाजूचे मथळे म्हणजे डोळ्यांच्या नैसर्गिक प्रवासाचा विचार. लेखाखाली चार ओळी लिहून समाधान होईना, म्हणून हा वेगळा धागा.

‘क्यू’ 1986 साली सुरू झाले. नाव तबकडी ‘क्यू’ करण्यावरून, म्हणजे ती वाजवण्यासाठी सुई नेमक्या जागी आणण्यावरून, सुचले होते, पण पूर्ण शब्द लिहिला तर लोक त्याला स्नूकरचे मासिक समजतील (स्नूकरच्या काठीलाही ‘क्यू’च म्हणतात) म्हणून एकच अक्षर ठेवले. एका अक्षराच्या नावाला अंग नसते. ते दुकानात लांबून दिसायचे तर त्याच्यामागे ठळक रंगाचा ठोकळा हवाच. तो लाल आहे, कारण लाल दिसतो. ठोकळा डावीकडे का, याचे उत्तर ब्रिटनमधल्या कोणत्याही वृत्तपत्रविक्रेत्याच्या मांडणीपुढे उभे राहिल्यावर मिळते. तेथे मासिके पत्त्यांच्या पानांसारखी एकमेकांवर सरकवून लावलेली असतात आणि प्रत्येकाची केवळ डावी पट्टी उघडी राहते. यात डोळ्यांचा प्रवास नाही, फळीची लांबी आहे.

आता रोखलेल्या नजरेविषयी. अमेरिकेतील नियतकालिक-संपादकांच्या संस्थेने 2005 साली गेल्या 40 वर्षांतले सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून ‘रोलिंग स्टोन’ या तिकडच्याच संगीत नियतकालिकाच्या 22 जानेवारी 1981 च्या अंकाची निवड केली. ॲनी लीबोवित्झ यांनी ते छायाचित्र 8 डिसेंबर 1980 रोजी, म्हणजे गायक जॉन लेननची हत्या झाली त्याच दिवशी, काही तास आधी टिपले होते. लेनन विवस्त्र, पाय पोटाशी घेतलेला, डोळे मिटून पत्नी योको ओनोच्या गालावर ओठ टेकवून बिलगलेला आहे. ती पूर्ण कपड्यांत आहे आणि भलतीकडेच पाहते आहे. वाचकाकडे कोणाचेही लक्ष नाही. नावाखेरीज एकही मथळा नाही, त्यामुळे डाव्या पट्टीचा प्रश्नच उद्भवत नाही. लेखिकेच्या मोजपट्टीने या मुखपृष्ठाला शून्य गुण मिळतील.

वाचनवेडी :
तो लेख माझा आहे आणि मी हा विषय महाविद्यालयात शिकवते, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे टोमणे नेमक्या पत्त्यावर येतील. ठोकळा लाल का केला, हे रचनाकाराला विचारायचे. तो लाल पाहून वाचकाला काय वाटते, हे वाचकाला. माझा लेख दुसऱ्या प्रश्नाविषयी होता. लेननच्या मुखपृष्ठाविषयी म्हणाल, तर हत्येची बातमी जगाला ठाऊक असताना मथळा छापणे अनावश्यकच होते. अपवाद दाखवून नियम मोडत नाही.

आणि मुखपृष्ठाला स्वतःची भाषा नसेल, तर 2013 साली काय घडले ते समजावून सांगावे. बॉस्टनच्या बॉम्बस्फोटातील आरोपी झोखर त्सारनाएव याने स्वतःच टिपलेले स्वतःचे छायाचित्र ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मे महिन्यात पहिल्या पानावर छापले, तेव्हा गदारोळ झाला नाही. तेच छायाचित्र ऑगस्टच्या ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठावर आले आणि औषधांच्या मोठ्या दुकानसाखळ्यांनी अंक विकायला नकार दिला. खाली छापलेल्या मजकुरात त्याला ‘राक्षस’ म्हटले होते, तरीही! कारण ज्या चौकटीत लोकांनी वर्षानुवर्षे गायक पाहिले, त्या चौकटीत विस्कटलेल्या केसांचा तरुण आला की तो ताराच दिसतो. याला फळीची लांबी कारणीभूत आहे काय?

लीड्सकर :
शिकत असताना दोन वर्षे मी अशाच एका दुकानात मासिके लावली आहेत. डावी पट्टी उघडी राहते, हे खरे. परंतु दोघेही विद्वान एक गोष्ट विसरत आहेत : फुकट सीडी. महिन्याच्या अंकावर ती गोंदाच्या ठिपक्यांनी चिकटवलेली असे किंवा अंकासह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेली असे. गठ्ठा सोडला की निम्म्या सीड्या निसटून खाली पडत, आणि मालक माझ्या पगारातून पैसे कापण्याची भाषा करी. चिकटून राहिलेल्या सीडीखाली गायकाची हनुवटी आणि आपण ज्यांच्यावर भांडत आहात ते सारे मथळे झाकलेले असत. रसग्रहण करायचेच असेल तर त्या सीडीच्या पाकिटाचे करावे.

खिळेजुळारी :
तिकडच्या मासिकांची चर्चा छान चालली आहे, परंतु या अनुकरणाने आपल्याकडे काय अनर्थ केला तेही लिहिले पाहिजे. ‘रोलिंग स्टोन’वर गायकाचे डोके नावावर चढते, दोन-तीन अक्षरे झाकली जातात आणि तरीही नाव कळते. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला नेमके तसेच करायला सांगितले. अंक संगीत विशेषांक, मुखपृष्ठावर फेटा बांधलेले बुवा. मी तीन वेळा नको म्हटले. शेवटी फेटा नावात घुसला, मधले अक्षर बुडाले, आणि विक्रेता म्हणाला, ‘साहेब, हा नवा अंक कोणाचा?’ बोलणी मात्र मी खाल्ली.

कारण साधे आहे. डोके खालून वर येते, म्हणून अक्षरांचा खालचा भाग झाकतो. रोमन अक्षराची ओळख बव्हंशी वरच्या अर्ध्यात असते, त्यामुळे त्यांचे निभावते. आपली अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात आणि ओळख खाली असते. ट, ठ, ढ, द यांचा वरचा भाग तेवढा उघडा ठेवा. चौघे सारखेच दिसतील.

अर्धमात्रा :
अतिशय सोयीची उदाहरणे निवडली आहेत. भ आणि म, घ आणि ध यांतला फरक शिरोरेषेपाशीच असतो. तेथे खालचा भाग झाकला तरी काही बिघडत नाही. वेलांट्या, मात्रा आणि रफारही वरच असतात. फेट्याने नाव बुडाले ते लिपीमुळे नव्हे, अक्षरे बारीक काढल्यामुळे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरे पाहावीत. शब्दाला चित्राची घडण दिली की तो झाकला जाऊनही ओळखू येतो.

खिळेजुळारी :
शेडगे यांचे नाव मला ऐकवू नका. त्यांची अक्षरे जाहिरातींतून कापून वहीत चिकटवणाऱ्या पिढीतला मी आहे. त्यांनी अक्षर चित्रासाठी घडवले, चित्राखाली गाडले नाही. आणि आपण आयुष्यात एकदा तरी मथळ्याच्या दोन ओळी जवळजवळ बसवून पाहिल्या आहेत काय? वरच्या ओळीतल्या ‘गुरू’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘कीर्ती’च्या वेलांटी-रफारात अडकतो. तो सोडवण्यासाठी ओळींत अंतर वाढवावे लागते, मग चार मथळ्यांच्या जागी तीनच मावतात, आणि चौथ्या मथळ्यातला लेखक दिवाळीच्या दिवशी दूरध्वनी करून भांडतो. संगणकापुढे बसून लिपीचे तत्त्वज्ञान सांगणे सोपे आहे.

अर्धमात्रा :
मी संगणकापुढे बसतो, कारण माझे पोट त्यावरच आहे. ऊकार अडकतो हे मान्य. त्यासाठी मी रोज शब्दांची अदलाबदल करतो आणि संपादकांच्या शिव्या खातो. मात्र नावावर डोके चढवणे ‘आपल्या लिपीत अशक्य’ हे विधान मला मान्य नाही. आपल्याला एकदा जमले नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

शाईचे_बोट :
माझ्या धाग्यावर फेटा चढला असून मूळ नाव आता दिसेनासे झाले आहे. तरी वाचनवेडी यांना उत्तर देणे लागतो. त्सारनाएवचे उदाहरण माझ्याकडे नव्हते आणि ते मला अडचणीचे आहे, हे नाखुशीने मान्य करतो. चौकटीला अर्थ असतो. पण तो अर्थ त्या एका नियतकालिकाने 1967 पासून एकामागून एक तारे छापून कमावलेला आहे. रंगाच्या तक्त्यातून आलेला नाही. ‘रोलिंग स्टोन’चे नाव झाकून तेच छायाचित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवा आणि कितीजणांना त्यात तारा दिसतो ते मोजा.

वाचनवेडी :
मोजीन. लेखातले ‘लाल म्हणजे उत्कटता’ हे वाक्य आज काढून टाकले आहे, हवे तर आनंद साजरा करावा. डाव्या पट्टीच्या वाक्यात फळीचा उल्लेख घातला आहे, लीड्सकरांच्या नावानिशी. रोखलेल्या नजरेचे वाक्य मात्र तेथेच राहील.

लीड्सकर :
श्रेय दिलेत, आभारी आहे. सीडीचा उल्लेख केलेला दिसत नाही.