विहीर ‘पार आटून गेली’ आणि ‘कम्प्लीटली ड्राइड अप’ : क्रियाविशेषणाची जागा

शंका, परभणीहून : सर, स्पर्धा परीक्षेच्या सरावात आम्हाला ‘शी टर्न्ड फर्मली डाउन द ऑफर’ हे वाक्य आले होते. क्रियाविशेषण क्रियापदाच्या लगेच पुढे ठेवावे, असे एका मार्गदर्शकात वाचल्यामुळे अभ्यासिकेतील बहुतेकांनी ते वाक्य बरोबर ठरवले, उत्तरसूचीत मात्र ते चूक दाखवले आहे. मग ‘शी लुक्ड केअरफुली ॲट द मार्कशीट’ हे दिसायला अगदी तसेच असलेले वाक्य बरोबर कसे मानतात?

उत्तर : उत्तरसूची बरोबर आहे आणि मार्गदर्शकातला नियम अपुरा आहे. इंग्रजीकडे वळण्यापूर्वी आपण रोज बोलतो ती मराठी वाक्ये तपासून पाहू, कारण या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याच जिभेवर आहे.

‘तिने तो प्रस्ताव ठामपणे फेटाळून लावला’ असे आपण म्हणतो. ‘फेटाळून ठामपणे लावला’ असे शाळेची पायरी न चढलेला माणूसही म्हणणार नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे गावोगाव ऐकू येणारे ‘विहीर पार आटून गेली’ हे वाक्य घ्या. त्यातला ‘पार’ उचलून मध्ये टाकला आणि ‘विहीर आटून पार गेली’ असे केले, तर वाक्य मोडते. याउलट ‘तो जेवून पटकन गेला’ हे वाक्य कानाला मुळीच खटकत नाही, कारण तिथे जेवणे आणि जाणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि दोन क्रियांच्या मध्ये शब्दाला शिरायला जागा असते. ‘आटून गेली’मध्ये विहीर कुठेही गेलेली नाही. तिथे ‘गेली’ने आपला जाण्याचा अर्थ सोडून आटण्याची क्रिया पूर्ण झाल्याचे तेवढे दाखवले आहे, म्हणून ते संयुक्त क्रियापद आहे आणि त्याच्या दोन तुकड्यांत क्रियाविशेषणाला वाव नाही.

इंग्रजीतही हाच प्रकार घडतो. ‘टर्न’ म्हणजे वळणे आणि ‘डाउन’ म्हणजे खाली, पण ‘टर्न डाउन’मध्ये वळणेही नाही आणि खालीही नाही, दोघांचा मिळून ‘नाकारणे’ हा एकच अर्थ झाला आहे. म्हणून ‘शी फर्मली टर्न्ड डाउन द ऑफर’ किंवा ‘शी टर्न्ड डाउन द ऑफर फर्मली’ म्हणावे. ‘शी टर्न्ड द ऑफर डाउन’ हेही चालते, म्हणजे कर्माला मध्ये बसण्याची मुभा आहे, आणि कर्म सर्वनाम असेल तर ‘टर्न्ड इट डाउन’ असे त्याला मध्येच बसावे लागते. क्रियाविशेषणाला मात्र ती मुभा नाही. ‘लुक ॲट’ची गोष्ट वेगळी आहे. तिथे ‘ॲट’चे नाते ‘लुक’पेक्षा ‘मार्कशीट’शी अधिक जवळचे आहे, म्हणजे आपल्याकडे ‘गुणपत्रिकेकडे’ या शब्दातला ‘कडे’ जसा नामाला चिकटतो, तसेच. त्यामुळे ‘लुक्ड’ आणि ‘ॲट’ यांच्यामध्ये ‘केअरफुली’ निर्धास्त बसू शकते. ‘अवर फार्म्स डिपेंड हेविली ऑन द मान्सून’ हे वाक्यही याच जातीचे आहे. ओळखण्याची खूण हवी असेल तर कर्माच्या जागी सर्वनाम घालून पाहा. ‘टर्न इट डाउन’ होते, पण ‘लुक इट ॲट’ होत नाही.

शंका, उदगीरहून : सर्वनामाची खूण लावली तर ‘लुक आफ्टर’सुद्धा ‘लुक ॲट’च्या गटात जाते, कारण ‘लुक देम आफ्टर’ असे कोणी म्हणत नाही. मग ‘ही लुक्स केअरफुली आफ्टर हिज पेरेंट्स’ हे वाक्य बरोबर धरायचे का?

उत्तर : शंका फार मार्मिक आहे. सर्वनामाच्या कसोटीने ‘लुक आफ्टर’ ‘लुक ॲट’च्याच गटातले ठरते, तरीही हे वाक्य कानाला अवघडलेले वाटते आणि ‘ही लुक्स आफ्टर हिज पेरेंट्स वेल’ हे सहज वाटते. कारण असे की ‘लुक ॲट’मध्ये पाहणे शिल्लक आहे, तर ‘लुक आफ्टर’मध्ये पाहणे संपून सांभाळणे आले आहे. यावरून मला असे दिसते की हे दोन गट भिंत घालून वेगळे केलेले नाहीत. शब्दांचा मूळ अर्थ जितका विरघळलेला असेल, तितकी त्यांच्यातली फट बुजलेली असते आणि क्रियाविशेषण तितके बाहेर राहते. परीक्षेत सर्वनामाची खूण उपयोगी पडेल, पण लिहिताना अर्थाकडे पाहून निर्णय करावा.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही तपासता येते. ‘द बकेट वेंट स्लोली डाउन इनटू द वेल’ या वाक्यात ‘डाउन’चा अर्थ खरोखरच खाली असा आहे, बादली खरोखरच विहिरीत उतरते आहे, म्हणून मध्ये ‘स्लोली’ सुखाने बसते. ‘टर्न द टॅप कम्प्लीटली ऑफ’ हेही चालते, कारण नळ खरोखर बंद अवस्थेत जातो आणि ‘कम्प्लीटली’ त्या अवस्थेचे मोजमाप सांगते. पण तिथेही कर्म आधी आले पाहिजे. ‘टर्न कम्प्लीटली ऑफ द टॅप’ असे होत नाही.

शंका, नांदेडहून : ‘राइट’ हा शब्द मात्र मध्ये आलेला दिसतो. ‘शी सेंट द फॉर्म राइट बॅक’, ‘ही वॉक्ड राइट इन’ ही वाक्ये मी वाचली आहेत. ती कोणत्या नियमात बसवायची?

उत्तर : इथे पुन्हा मराठीकडे यावे लागेल. ‘विहीर आटूनच गेली’, ‘तो निघूनही गेला’ असे आपण म्हणतोच, म्हणजे संयुक्त क्रियापदाच्या फटीत ‘पार’ किंवा ‘पटकन’ शिरत नसले, तरी ‘च’ आणि ‘ही’ शिरतात. शाळेच्या व्याकरणात यांना शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणतात, हे तुम्हा परीक्षार्थींना सांगायला नकोच. इंग्रजीतल्या ‘राइट’ आणि ‘स्ट्रेट’ यांना साधारण तसाच परवाना मिळालेला आहे, पण ‘च’पेक्षा तो आखूड आहे. दिशा किंवा स्थान दाखवणाऱ्या ‘बॅक’, ‘इन’, ‘अप’ यांच्या आधीच ते येतात. ‘ही गेव्ह राइट अप’ असे म्हणता येत नाही, कारण ‘गिव्ह अप’मधला ‘अप’ कोणत्याही दिशेला जात नाही.

आता या चर्चेत राहून गेलेली आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब सांगतो. जागेइतकीच निवडही महत्त्वाची असते. ‘आटून गेली’ पूर्णत्व दाखवते, म्हणून तिला ‘पार’, ‘जवळजवळ’, ‘एकदाची’ हे शब्द शोभतात, पण ‘खूप आटून गेली’ म्हटले की काहीतरी चुकल्यासारखे वाटते. ‘ड्राय अप’मधला ‘अप’ही पूर्णत्वच दाखवतो, म्हणून ‘कम्प्लीटली’ आणि ‘ऑलमोस्ट’ त्याच्याशी जुळतात, आणि ‘द वेल हॅज व्हेरी ड्राइड अप’ हे तर सरळ चूकच आहे, कारण ‘व्हेरी’ एकटे क्रियापदाला लागत नाही. पुढे असेही पाहा की ‘कम्प्लीटली’ वाक्याच्या शेवटी जाऊ शकते, पण ‘ऑलमोस्ट’ जाऊ शकत नाही. ‘द वेल हॅज ऑलमोस्ट ड्राइड अप’ हेच लिहावे लागते. ‘नेव्हर’ आणि ‘अलरेडी’ यांचीही नेहमीची जागा सहायक क्रियापदाच्या मागोमाग, मुख्य क्रियापदाच्या आधी असते: ‘दे हॅव नेव्हर गिव्हन अप’.

ही अडचण फक्त आपल्याच मुलांची आहे असे कोणी समजू नये. इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सनने 1755 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले आहे की, क्रियापदामागे असे छोटे शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची रीत परक्यांना सर्वांत जास्त अवघड जाते. ‘गिव्ह ओव्हर’, ‘फॉल ऑफ’, ‘सेट आउट’ अशी कितीतरी रूपे त्याने तेव्हाच मोठ्या कष्टाने टिपून ठेवली. पण ज्याच्या मायबोलीत फेटाळून लावणे, आटून जाणे, हसत सुटणे आणि बोलून बसणे आहे, तो या बाबतीत पूर्ण परका नाही, असे माझे ठाम मत आहे.

शंका, परभणीहून पुन्हा : आमच्या घरी ‘काय करायलास?’ म्हणतात, पुस्तकात मात्र ‘काय करतो आहेस?’ असे असते. तेही संयुक्त क्रियापदच समजायचे का?

उत्तर : होय, मी तरी तसेच समजतो. ‘करू लागणे’ याचा अर्थ इतरत्र क्रिया सुरू होणे असा घेतात, आपल्या बोलीत मात्र ‘मी जेवू लागलो’ म्हणजे मी आत्ता जेवतो आहे. माझ्या मते ‘करायलास’मध्ये हाच ‘लाग’ धातू विरघळलेला आहे, आणि तो इतका विरघळला आहे की दोन तुकड्यांतली फटच उरलेली नाही. म्हणून ‘निवांत जेवायलो’ म्हणताना ‘निवांत’ शब्दाला बाहेर, आधीच, उभे राहावे लागते. पुढच्या वेळी घरात बोलताना ‘करायलास’च्या पोटात एखादे क्रियाविशेषण घालून पाहा, आणि मग ‘गिव्ह अप’च्या पोटात घालून पाहा.