मॉर्मन पंथ सोडून दहा-बारा वर्षं झाली, मागे काय काय उरतं?

तापीकाठ_चोपडा
परदेशात शिकताना किंवा नोकरीत असताना बाप्तिस्मा घेतलेल्या, पुढे बाहेर पडलेल्या आणि आता खान्देशात परतलेल्या लोकांसाठी विचारतोय. (अमेरिकेतला लॅटर-डे सेंट्स हा ख्रिस्ती पंथ म्हणजे तेच. २०१८ पासून त्यांच्या नेतृत्वालाच 'मॉर्मन' हा शब्द नकोसा झालाय, पण इथे तोच कळतो.) जाणं बंद केलं म्हणजे संपलं, असं बहुतेकांना वाटतं. इतक्या वर्षांनी हिशेब मांडायचा तर कागदावर, पैशात आणि घरात काय शिल्लक असतं? चहाचा आणि कानबाईचा (श्रावणातला आपला देवीचा सण) विषयही सांगा, कारण गावात अडतं ते तिथेच.

सातबारा
कागदापासून सुरुवात करू. जाणं थांबवल्याने सभासदत्व संपत नाही. नाव नोंदीत राहतं आणि नवा पत्ता कळला की तिथले लोक पुन्हा भेटायला येऊ शकतात. नाव काढायचं तर राजीनाम्याचं पत्र लागतं. ते तुमच्या वॉर्डाच्या (म्हणजे स्थानिक मंडळीच्या) बिशपकडे द्या, नाहीतर नोटरी करून थेट सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयाला पाठवा. पत्रात पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, असल्यास सभासद क्रमांक, 'मी राजीनामा देत आहे' असं साधं वाक्य आणि सही. कारणं लिहू नका. कारण लिहिलं की त्यावर बोलायला माणूस येतो.

घोळ नावात होतो. तिथल्या नोंदीत बहुधा नाव आणि आडनाव एवढंच असतं, आपल्या पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव. पत्रात दोन्ही रूपं द्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर जुनंही. अल्पवयीन मुलांच्या नोंदी आईवडिलांच्या पत्रासोबत आपोआप जात नाहीत, त्यांचा वेगळा उल्लेख आणि पालकांच्या सह्या हव्यात. राजीनाम्याने बाप्तिस्मा आणि मंदिरातली 'सीलिंग' (नवरा-बायकोला कायमचं बांधणारा विधी) त्यांच्या दृष्टीने रद्द होतात. नवरा-बायकोपैकी एकच बाहेर पडत असेल तर पत्र टाकण्याआधी घरात बोलून घ्या. आत राहिलेल्याच्या लेखी ते लग्न मरणानंतरही टिकणारं असतं. एका सहीचा तिथे किती मोठा अर्थ लावला जातो, ते बाहेरून कळत नाही.

इथले कागद मात्र वेगळे. सॉल्ट लेकचं पत्र तलाठ्याच्या कामाचं नाही. धर्म बदलला म्हणून माणसाचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही. पण हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चं कलम २६ वाचा: धर्मांतरानंतर जन्मलेली मुलं हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीला वारस ठरत नाहीत, वारसा खुला होताना ती स्वतः हिंदू असतील तरच ठरतात. केळीच्या बागेची वारसनोंद करताना भाऊबंद हेच कलम पुढे करतात. अनुसूचित जातीचा दाखला असेल तर १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश लागू होतो, तो हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरताच ठेवतो. परतल्यावर तो हक्क पुन्हा सांगायचा तर मूळ जात, खरोखरचं पुनर्धर्मांतर आणि समाजाने स्वीकारणं या तिन्हींचा पुरावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये के. पी. मनू प्रकरणात सांगितलंय. अनुसूचित जमातीला ही धर्माची अट नाही, म्हणून नंदुरबारकडच्या भिल्ल-पावरा कुटुंबांनी यात गोंधळू नये.

दशांश_दशमी
पैशाचं थोडक्यात. दशांश म्हणजे चर्चला द्यायचे उत्पन्नाच्या १० टक्के. महिना ६०,००० कमाई धरली तर ६,०००, बारा वर्षांचे ८,६४,०००. शिवाय महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणं सोडून वाचलेल्या पैशांचं दान वेगळं. हे परत मिळत नाही. जेम्स हंट्समन यांनी अमेरिकेत ५० लाख डॉलरहून जास्त दशांश परत मागितला होता. जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला. चर्च आणि त्याची गुंतवणूक संस्था यांना २०२३ मध्ये अमेरिकी बाजार नियामकाने एकूण ५० लाख डॉलर दंड केला, पण तो गुंतवणुकीची माहिती दडवल्याबद्दल. दात्यांना त्यातून काही नाही. आकडा एकदा वहीत मांडा, नंतर त्याच्या नावाने रोज जीव जाळू नका.

भरीत_वांगं
चहा. पंथात त्याला मनाई, आणि तिचं मूळ १८३३ च्या 'वर्ड ऑफ विस्डम' या त्यांच्या खाण्यापिण्याच्या नियमांत आहे. मजकुरात 'गरम पेयं' एवढंच, अर्थ लावला गेला चहा आणि कॉफी. म्हणून थंड कॉफीही बंद आणि ग्रीन टीही बंद, पण गरम कोको चालतो. गवती चहा, आल्याचा काढा याला अडकाठी नव्हतीच. वर्षानुवर्षं न घेतलेल्याने पहिल्याच दिवशी टपरीवरचा कडक चहा तीनदा घेतला तर रात्री झोप उडते, पोटात जळजळ होते. हा दैवी कोप नाही, सवय नसलेल्या अंगातलं कॅफिन आहे. सकाळी अर्धा कट, दुपारी चारनंतर नाही, आठ-दहा दिवस एवढंच. आणि घ्यायचाच नसेल तरी हरकत नाही. 'हाऊ चहा पेत नही' एवढं एकदा ओट्यावर माहीत झालं की कुणी विचारत नाही.

मंदिरातल्या विधीनंतर रोज घालायची पांढरी अंतर्वस्त्रं कपाटात तशीच पडलेली असतात. आतल्या लोकांची रीत अशी की त्यावरच्या खुणा कापून नष्ट करायच्या, उरलेलं कापड साधं. तेच करा. चिडून उकिरड्यावर टाकलं की दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा.

रोटाचं_पीठ
कानबाईबद्दल मी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, म्हणजे नेमकी त्यांच्या प्रार्थनासभेच्या वारी. आत असताना ज्यांनी रविवार पाळला, त्यांचा हा सण सलग बुडालेला असतो. बऱ्याच घरांत रोटाचे (कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे) गहू आणि हरभऱ्याची डाळ घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा मूठ धरून मोजतात. परतलेल्याचं नाव त्या मोजणीत धरायचं का, हे भाऊबंदकीतली वडीलधारी बाई ठरवते, आणि दळणाच्या आधी ठरवते. म्हणून रविवारी सकाळी दारात उभं राहू नका. आठवडाभर आधी काकूला किंवा मोठ्या वहिनीला फोन करा, दळणाला हात लावायला जा. रोट भाऊबंदांपलीकडे देत नाहीत, त्यामुळे पानात रोट वाढला की उत्तर मिळालं. नाहीच वाढला तर खीर खाऊन यायचं, पुढच्या श्रावणात परत फोन करायचा.

तापीकाठ_चोपडा
सातबारा, कलम २६ बद्दल एक: मुलांचा जन्म बाप्तिस्म्याच्या आधीचा असेल तर?

सातबारा
मग ते कलम त्यांना लागत नाही. जन्मदाखला आणि बाप्तिस्म्याची तारीख असलेला कागद, दोन्ही जपून ठेवा. बाप्तिस्म्याचा दाखला फाडून टाकण्याची घाई इथेच नडते.