२०१७च्या विश्वचषकातली पोरं: फुकट गेली की घालवली?

हाफटाइम_चहा
२०२५च्या नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशने आपल्या फुटबॉल संघाला १-० ने हरवलं, तेही बावीस वर्षांनी. त्याआधी ऑक्टोबरमध्ये गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूर २-१ ने जिंकून गेलं आणि २०२७चा आशियाई चषक आपल्यापुरता संपला. तेव्हा फिफाच्या क्रमवारीत आपण १४०च्या पलीकडे होतो. २०१७ला शंभराच्या आत होतो.

माझा मुद्दा मात्र २०१७च्या अंडर-१७ संघाचा आहे. आपल्या घरी विश्वचषक झाला, त्यासाठी निवडलेली २१ पोरं. परदेश दौरे, परदेशी कोच, वेगळा आहार, सगळं दिलं. याआधी कुठल्याही बॅचचे इतके लाड झाले नव्हते. आज ती पंचविशीत आहेत, म्हणजे फुटबॉलपटूचं ऐन वय. अन्वर अली, अपुइया, सुरेश भारताकडून खेळतात, मान्य. पण सामना एकहाती फिरवणारा एक तरी निघाला का? कोमल थाटालने २०१६ला गोव्यात ब्राझीलवर गोल मारला तेव्हा आपण किती नाचलो होतो! आज त्याचं नाव शेवटचं कधी ऐकलंत?

दर वेळी ‘सिस्टीम खराब’ म्हणून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, करार हातात पडला आणि पोरं निवांत झाली. बोला.

तालीम_नं_१०
बोलतो की भावा. आधी एक सांग, त्या २१ जणांत फॉरवर्ड किती होते? दोन. रहीम अली आणि आमचा कोल्हापूरचा अनिकेत जाधव. अख्ख्या देशातून दोन! मग सामना फिरवणारा निघणार कुठनं?

आणि आयएसएलमध्ये तेव्हा मैदानावर पाच परदेशी चालायचे. २०२१-२२ पासून चार झाले. कुठला क्लब नंबर नऊला, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागी, भारतीय पोरगा लावतो सांग बघू. पैसे टाकलेत म्हटल्यावर स्ट्रायकर परदेशीच आणणार. मग अनिकेतसारख्या पोराला विंगवर ढकलायचं, नाहीतर सत्तराव्या मिनिटाला उतरवायचं. वीस मिनिटांत काय दिवे लावणार तो? वर तुम्ही म्हणणार, निवांत झाला.

कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा, म्हणजे आमच्या क्लबांचा, सामना असला की शाहू स्टेडियमला पाय ठेवायला जागा नसते. फुटबॉल कळतो आम्हाला. पोरगं आळशी आहे की त्याला खेळवतच नाहीत, हे बाहेर बसूनही दिसतं.

हाफटाइम_चहा
@तालीम_नं_१० रहीमने सिंगापुरात शेवटच्या मिनिटांत बरोबरी करून दिली, ते लक्षात आहे माझ्या. पण जागा मिळत नाही म्हणून रडायचं की खालच्या लीगमध्ये जाऊन नऊ नंबरवर खेळायचं? आय-लीगमध्ये जाऊन दोन हंगाम गोल ठोकायला कोणी अडवलं होतं? पगार कमी होतो, म्हणून कोणी जात नाही. हेच माझं म्हणणं आहे.

मडगांवकर
तुम्ही सगळे आपल्याच पोरांबद्दल बोलताय म्हणून थोडं दुसरीकडे नेतो. त्या स्पर्धेचे सामने फातोर्ड्याला होते. इराणने जर्मनीला ४-० धुतलं ते आमच्याकडे. त्या जर्मन संघात यान-फिएटे आर्प होता, हॅम्बुर्गचा. पुढचा मोठा जर्मन स्ट्रायकर म्हणून त्याचा गाजावाजा होता. पुढे बायर्नने उचलला आणि तिथे तो राखीव संघातच अडकला. इंग्लंड-अमेरिका उपांत्यपूर्व सामनाही फातोर्ड्यालाच, ४-१, रायन ब्रूस्टरची हॅटट्रिक. स्पर्धेत आठ गोल करून गोल्डन बूट त्यानेच नेला. तीन वर्षांनी शेफील्ड युनायटेडने त्याच्यासाठी २.३५ कोटी पौंड मोजले आणि पहिल्या प्रीमियर लीग हंगामात त्याचे गोल किती? शून्य.

त्याच संघातला फिल फोडन मँचेस्टर सिटीत कुठे पोचला ते सर्वांना माहीत आहे. जेडन सँचो साखळी सामने खेळून डॉर्टमुंडला परतला, पुढे मँचेस्टर युनायटेडला ७.३ कोटी पौंडांना गेला, आणि मग उधारीवर या क्लबातून त्या क्लबात फिरला. म्हणजे तो विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडचीसुद्धा निम्मी पोरं अशीच. सतराव्या वर्षी दिसतं ते पंचविसाव्या वर्षी टिकेल याची हमी इंग्लंडलाही देता येत नाही, आणि आपण कोमल थाटालला एका गोलासाठी आयुष्यभर जबाबदार धरतो. हे बरं नव्हे.

ऑफसाइड_आत्या
@मडगांवकर उदाहरणं छान आहेत, पण निष्कर्ष अर्धा आहे. ब्रूस्टर फसला तरी इंग्लंडचं अडलं नाही, कारण त्याच्यामागे शंभर जण उभे होते. पुढे इंग्लंडच्या मुख्य संघात गेलेले मार्क गेही, कॉनर गॅलाघर त्याच बॅचचे. आपल्याकडे एक थाटाल मागे पडला की त्या जागेवर कोणीच नसतं. त्यामुळे ‘सगळीकडे असंच होतं’ हे उत्तर आपल्याला परवडत नाही.

माझा आक्षेप धागाकर्त्यांनाही आहे. सतरा ते एकवीस या वयात खेळाडूला सर्वांत जास्त काय लागतं? सामने. चुरशीचे, हरल्यावर झोप उडेल असे. विश्वचषकानंतर फेडरेशनने त्यातली बरीच पोरं इंडियन अ‍ॅरोजमध्ये घातली आणि आय-लीग खेळायला लावली. कल्पना वाईट नव्हती. पण अ‍ॅरोज शेवटचे आले तरी खाली जाणार नव्हते, तशी सूटच होती! मग चुरस कशाची? २०२२ला तो संघही गुंडाळला. तरुण खेळाडूंसाठीची रिलायन्सची डेव्हलपमेंट लीग सुरू झाली तीही २०२२लाच, तोपर्यंत या बॅचचं वय उलटून गेलं होतं.

आणि अन्वर अलीचं काय? हृदयाचा आजार निघाला, फेडरेशनने थांबायला सांगितलं, तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. तिथून दिल्ली एफसी, एफसी गोवा, मोहन बागान, ईस्ट बंगाल. त्याला निवांत म्हणणार का?

हाफटाइम_चहा
@ऑफसाइड_आत्या अन्वरचं उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे. सर्वांत वाईट पत्ते त्याच्या हातात होते आणि सर्वांत पुढे तोच गेला. बाकीच्या वीस जणांना तर डॉक्टरांनी थांबवलं नव्हतं ना?

ऑफसाइड_आत्या
अपवादावर धोरण चालतं का हो? एक जण कोर्टात जाऊन लढला म्हणून बाकीच्यांनीही लढूनच खेळायचं?

सदाशिव_पेठ_एफसी
मी धागाकर्त्यांच्या बाजूने, आणि थोडा अधिक कडू.

२०२४-२५च्या आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय कोण? सुनील छेत्री, १४ गोल, वय चाळीस. जून २०२४ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध भारतीय संघाचा निरोप घेतलेला माणूस मार्च २०२५ला परत बोलावला, आणि त्याने मालदीववर गोलही केला. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. मला मात्र लाज वाटली. वीस-पंचवीस वर्षांची इतकी पोरं असताना आजोबांना हाक मारावी लागते! परदेशी स्ट्रायकरमुळे जागा मिळत नाही म्हणता, मग छेत्रीला कशी मिळाली? चांगला असेल त्याला कोच झक मारत खेळवतो.

विंगर लिस्टन कुलासोला पाहा. पाय बघितले तर देवाने दिलेले. पण दर वेळी डावीकडून आत वळायचं आणि गर्दीत फटका मारायचा. समोरच्या बॅकला आता पाठ झालंय ते.

मडगांवकर
@सदाशिव_पेठ_एफसी आडनाव कोलासो. दवर्लीचा आहे तो, निदान नाव तरी नीट लिहा.

आणि छेत्री २००५पासून भारताकडून खेळतोय. तो आयएसएल जन्मायच्या आधी घडला. नव्या व्यवस्थेत चालणारा स्ट्रायकर म्हणून त्याचं नाव घेऊ नका. या व्यवस्थेत तयार झालेला एक स्ट्रायकर दाखवा, मग बोलू.

गोलकीपरांचं बघा. तिथे परदेशी क्वचितच असतो, म्हणून भारतीय पोरांना पूर्ण नव्वद मिनिटं मिळतात. २०१७चा धीरज सिंग २०२१ला एफसी गोवाकडून आशियाई चॅम्पियन्स लीग खेळला. अल रय्यानशी ०-० आणि अल वाहदाशीही ०-०, आणि दोन्हीकडे गोलात हाच. रय्यानचा कोच फ्रान्सचा माजी कोच लॉरें ब्लां होता, येरागबाळा नव्हे. त्याच २१मधला प्रभसुखन गिल २०२१-२२ला आयएसएलच्या सर्वोत्तम गोलकीपरचा गोल्डन ग्लव्ह घेऊन गेला. ज्या जागेवर सामने मिळाले तिथे पोरं उभी राहिली. आळशीपणा फक्त फॉरवर्डच्या रक्तात असतो का?

सदाशिव_पेठ_एफसी
बरं, कोलासो. आत वळणं मात्र तेच राहतं.

गोलकीपरचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण मधल्या फळीत अपुइया, सुरेश, जीक्सन यांना भरपूर सामने मिळाले. तिथे आपण आशियात कुठे आहोत? २०२४च्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया तिघांशी हरलो आणि एक गोल नाही झाला. गोल फक्त स्ट्रायकरच करतो असं कुठे लिहिलंय?

तालीम_नं_१०
सगळ्यांत जास्त हसू पुणेकरानं क्लबच्या पोरांवर बोलण्याचं येतंय. दादा, राग नको, पण तुमच्या शहरात क्लब टिकलाय कुठला? पुणे एफसी बंद. भारत एफसी एका हंगामात बंद. डीएसके शिवाजीयन्सनं लिव्हरपूलचं नाव लावून अकादमी काढली, २०१७ला गाशा गुंडाळला. एफसी पुणे सिटी २०१९ला गेलं, त्याच्या जागी हैदराबाद आलं, आता तेही उठून दिल्लीला गेलं. मुंबईची महिंद्रा युनायटेड तर २०१०लाच मिटली. सतरा वर्षांचं पोरगं अकादमीत जातं आणि अठराव्या वर्षी अकादमीला कुलूप! आमच्याकडच्या पोरांना बालेवाडीची क्रीडा प्रबोधिनी हाच मोठा दरवाजा, पुढं काय ते नशीब.

आमच्या तालमींकडे पैसा नाही, गवत नाही, पण शंभर वर्षं कोणी बंद केल्या नाहीत.

हाफटाइम_चहा
@तालीम_नं_१० मग त्या तालमींतून गेल्या वीस वर्षांत भारताकडून किती खेळले? गर्दी जमते, भांडणं होतात, परदेशी खेळाडू तुम्हीही आणता. सामने म्हणाल तर तुमच्याकडे आहेतच की.

तालीम_नं_१०
परदेशी आणतो, खरं आहे. मलाही आवडत नाही ते. पण हंगाम चार-पाच महिन्यांचा, त्यातही वाद झाला की सामने लटकतात. अठरा वर्षांच्या पोराला नोकरीची जाहिरात दिसली की तो भरतीच्या मैदानावर पळायला जातो. बाप म्हणून मीही तेच सांगेन.

ऑफसाइड_आत्या
आता नव्या पोरांकडे या. २०२५च्या नोव्हेंबरच्या शेवटी अहमदाबादला आपल्या अंडर-१७ संघाने इराणला २-१ ने हरवून २०२६च्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. कोच बिबियानो फर्नांडिस. त्यांचा २०१८चा संघ आठवतोय? मलेशियात दक्षिण कोरियाशी उपांत्यपूर्व फेरीत फक्त ०-१ ने हरला, तो जिंकला असता तर थेट विश्वचषक. त्यातला विक्रम प्रताप सिंग मुंबई सिटीत पुढे आला. बाकीच्यांची नावं फुटबॉल बघणाऱ्यांना तरी सांगता येतात का?

इराणवरच्या विजयानंतर लगेच ‘हेच २०३४च्या विश्वचषकाचे हिरो’ सुरू झालंय. माझी विनंती, निदान तीन वर्षं त्यांच्यावर रील बनवू नका.

हाफटाइम_चहा
@ऑफसाइड_आत्या इथे मी तुमच्याबरोबर आहे. पण तुमच्याच तर्काने विचारतो, या पोरांना सामने कोण देणार? २०२५चा डिसेंबर आला तरी काय होतं? फेडरेशन आणि आयएसएल चालवणाऱ्या कंपनीचा करार संपला, सिनियर लीगचाच पत्ता नव्हता. भारताचे कोच खालिद जमील यांना संघ निवडायला खेळताना दिसतील असे खेळाडू नव्हते.

मडगांवकर
गोवा प्रो लीग आहे ना. साळगावकर, धेंपो, स्पोर्टिंग, चर्चिल, सगळे त्यात खेळलेत. लिस्टनही साळगावकरमधूनच वर आला. त्या अहमदाबादच्या पोरांतले पाच-सहा जण एका हंगामापुरते इकडे पाठवा. गोव्याच्या प्रेक्षकांचे बोल खाल्ले की कातडी आपोआप जाड होते.

सदाशिव_पेठ_एफसी
आणि तिथे त्यांना नऊ नंबरवर खेळवणार का? की नायजेरियन आहेच?

मडगांवकर
सरसकट नाही. काही क्लबांत असतो.