‘पेशंट अ‍ॅडव्होकेट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : परिचारिकांच्या आचारसंहितेचं मराठी करताना ‘पेशंट अ‍ॅडव्होकेट’पाशी, म्हणजे रुग्णाच्या हितासाठी बोलणारी परिचारिका या अर्थाच्या शब्दापाशी, अडलंय. ‘रुग्णाची वकिली’ चालेल? की ‘कैवारी’?

उत्तर : ‘वकिली’ कोर्टात नेते. ‘कैवारा’त माया आहे, पण आई चुकलेल्या पोराचाही कैवार घेतेच. ‘रदबदली’ म्हणजे मेहेरबानी मागणं. इथे तर रुग्णाचा हक्क आहे. माझं मत ‘रुग्णाची बाजू लावून धरणे’. नुसतं ‘मांडणे’ पुरत नाही.

केसपेपरवर ‘केसीएल 1 अँप्यूल आयव्ही’, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडची एक कुपी शिरेतून, एवढंच लिहिलंय असं धरा. 15 टक्क्यांची 10 मिलिलिटरची अँप्यूल, म्हणजे 20 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम. पातळ न करता शिरेतून ढकललं तर हृदय बंद पडू शकतं. ‘सर, एकदा बघता का?’ हे पुटपुटणं झालं. ‘सर, हे असं देता येणार नाही. किती सलाइनमध्ये, किती तासांत, लिहून द्या,’ हे बाजू मांडणं. दाद लागली नाही तर तेच पुन्हा, मग इन्चार्ज सिस्टर, मग मेट्रन. तोवर इंजेक्शन हातातच ठेवायचं, आणि कोणाला किती वाजता सांगितलं ते नोट्समध्ये लिहायचं. हे लावून धरणं.

दुसरं उत्तर : सहमत. ‘व्हिसलब्लोअर’साठीचा ‘जागल्या’ मात्र यात मिसळू नका. गावाचा रात्रीचा पहारेकरी तो. आतली सगळी दारं ठोठावून झाल्यावर बाहेर हाक देणाऱ्याला शोभतो. आणि सहकारी जिला ‘चहाडी’ म्हणतात ती पाठीमागे होते. सही करून दिलेली तक्रार चहाडी नव्हे.

तिसरं उत्तर : आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या 1953च्या संहितेत डॉक्टरांचे आदेश ‘निष्ठेने’ पाळावेत असं होतं. 1973मध्ये ते गेलं, आणि कोणामुळेही रुग्णाची शुश्रूषा धोक्यात आली तर त्याचं रक्षण करावं असं आलं. निष्ठा कोणाशी, हेच बदललं.

2017मध्ये अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला अ‍ॅलेक्स वबल्स या परिचारिकेने बेशुद्ध रुग्णाचं रक्त पोलिसांना घेऊ दिलं नाही. संमती, वॉरंट किंवा अटक, यांपैकी काहीच नव्हतं. रुग्णालयाचा छापील नियम तिने वाचून दाखवला, तरी तिलाच बेड्या पडल्या. याला कैवार कसं म्हणाल? तिने नियम लावून धरला.

प्रश्नकर्ता : नाम म्हणून ‘पाठपुरावा’?

उत्तर : नको, पाठपुरावा फायलीचा होतो. क्रियापदच ठेवा : ‘परिचारिका रुग्णाची बाजू लावून धरील.’