मदत हवी आहे: सासूबाईंच्या जिभेवरचा फोड २३ दिवस झाले तरी भरत नाही

सुरंगी:
नमस्कार. मी गुहागर तालुक्यात राहते. प्रश्न सासूबाईंचा आहे, वय ६७.

त्यांचं तोंड वर्षातून तीन-चारदा येतंच. ओठाच्या आत किंवा गालाला डाळीएवढे पांढरे फोड, भोवती लाल कड. आठ-दहा दिवस जेवणाचे हाल होतात आणि मग जातात. आमच्या आगरात जाईचा वेल आहे. सकाळी त्याची चार-पाच पानं चावायची, लाळ गळू द्यायची, चोथा थुंकायचा. जेवणाआधी फोडावर घरचं तूप. तिखट बंद, उकड्या तांदळाची पेज. दर वेळी एवढ्यावर भागलंय.

यावेळी भागत नाहीये. जिभेच्या डाव्या कडेला, पार मागे, एकच फोड आहे. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सांगितलं म्हणून दिवस पक्का आठवतो. आज २३ दिवस झाले. जाईची पानं झाली, ज्येष्ठमधाची पूड मधातून झाली, मीठ-पाण्याच्या गुळण्या चालूच आहेत. शेजारच्या काकूंनी लवंगतेल सांगितलं. ते मी कापसाने तसंच लावलं आणि तिथली कातडी पांढरी होऊन सोलली. त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री जेवल्या नाहीत. मला अजून वाईट वाटतंय. मेडिकलमधून जेल आणलं, त्याने अर्धा तास बरं वाटतं.

आणखी दोन गोष्टी. चार वर्षांपूर्वी त्यांनी माळ घातली, तेव्हापासून मासे, अंडी बंद. तोंड सारखं यायला लागलं ते त्यानंतरच. आणि त्या मशेरी लावतात, लग्न होऊन आल्यापासून. तंबाखू स्वतः तव्यावर भाजतात. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतात, "उष्णता आहे गं, पाऊस पडला की जाईल." घरात आंब्याची धांदल, पेट्या भरायला माणसं येतात, त्यात आपलं दुखणं कशाला, असं त्यांचं.

घरी करण्यासारखं काही राहिलंय का? आणखी किती थांबू? आणि न्यायचं तर कुणाकडे?

सोनटक्का:
सुरंगीताई, माझं माहेर मालवणचं. आमची आजी सांगायची, "तोंडल्याचो पालो चाव." कोवळी तोंडलीसुद्धा नुसती चावून रस तोंडात धरायचे. पेरूची कोवळी पानं उकळून कोमट पाण्याने गुळण्या करायचे. ओठांचे कोपरे चिरले असतील तर कोकमाचं तेल, आम्ही त्याला मुठेल म्हणतो. पोटातून सोलकढी द्या, उष्णता जाईल.

कांदळवन:
सोलकढी आत्ता नको. आमसूल आंबट, वर त्यात मिरची-लसूण, उघड्या फोडावर आग होईल. आमसूल न घालता नुसतं नारळाचं दूध गार करून द्या, घोटभर तोंडात धरून गिळायला सांगा. माझ्या वडिलांना केमोच्या वेळी तेच चालायचं. ताक द्यायचं तर ताजं, अजिबात आंबट नको. शहाळं चालेल. लिंबू, चिंच, लोणचं, कैरी, अननस बंद.

आणि या दिवसांत ज्यांच्या घरात मुलं आहेत त्यांनी एक बघा. झाडावरची कैरी तशीच खाल्ली की चीक लागून ओठांचे कोपरे भाजतात. ओल्या काजूच्या टरफलाचं तेल तर त्याहून वाईट, फोडच उठतात. त्याला तोंड येणं समजून औषधं करू नका. चीक धुऊन टाका आणि खोबरेल लावा.

सागवान:
मी दातांचा डॉक्टर आहे, याच जिल्ह्यात काम करतो. न बघता निदान सांगता येत नाही आणि सांगणारही नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत.

वर्षातून तीन-चारदा येणारे आणि आपोआप जाणारे छोटे फोड हा पहिला. ते सहसा ७ ते १४ दिवसांत भरतात. पानं चावा किंवा चावू नका, भरतात, म्हणून प्रत्येक घरात वेगळा उपाय लागू पडलेला असतो. मीठ-पाणी, तूप, मऊ जेवण हे चांगलंच आहे, दुखणं कमी होतं आणि जागा स्वच्छ राहते. फार आग होत असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून गुळण्या. फेस येणारी टूथपेस्ट काहींना सोसत नाही. सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली वापरून पाहा. पण हे सारखं होत असेल तर रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फॉलिक ॲसिड. मासे-अंडी सुटली की बी-१२ साठी राहतं ते दूध-दही. जेवण शाकाहारी आणि वय साठीपुढे, तर हे कमी असण्याची शक्यता बरीच असते. बांगडा, तारली, तिसऱ्या यांत बी-१२ भरपूर असतं. ते थांबलं त्याची भरपाई गोळ्यांनी किंवा इंजेक्शनने होते, माळ मोडावी लागत नाही. फक्त रक्त आधी तपासा, गोळ्या नंतर.

दुसरा प्रश्न जिभेच्या कडेचा फोड. एकाच जागी, तीन आठवड्यांहून जास्त, आणि मशेरी. याला आता घरचा उपाय नाही. थांबू नका. कारण साधंही असू शकतं, तुटलेली दाढ किंवा कवळीची कड तिथे घासत असेल. पण तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो आणि जिभेची कड ही त्याची नेहमीची जागा आहे. तो सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही, म्हणून दुखत नसलेला फोडही दाखवायचा. बॅटरीच्या उजेडात बघा: कड कडक लागते का, आजूबाजूला पांढरा किंवा लालभडक चट्टा आहे का, गळ्याला गाठ लागते का, तोंडात तीन बोटं उभी मावतात का. यातलं काहीच नसलं तरी दाखवाच. आधी दातांच्या डॉक्टरकडे गेलात तरी चालेल, लागलं तर ते पुढे पाठवतील. रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय आहे, चिपळूणजवळ डेरवणचं रुग्णालयही आहे.

लवंगतेलाबद्दल स्वतःला बोल लावू नका, हे पुष्कळजण करतात. नुसतं लवंगतेल, चुना, तुरटीचा खडा किंवा ॲस्पिरिनची गोळी फोडावर दाबून ठेवली की आतली नाजूक त्वचा भाजते. तुम्ही आणलेल्या जेलवरचं नावही वाचा. कोलीन सॅलिसिलेट असेल तर १६ वर्षांखालच्या मुलांना ते लावू नका.

सुरंगी:
मनापासून आभार. रात्री बॅटरीने बघितलं. तीन बोटं मावतात, गळ्याला गाठ लागली नाही. पण खालच्या दाढेचा तुकडा पडलाय, कड पात्यासारखी आहे. मागच्या होळीला हलव्याचा खडा चावताना "कट्ट झालं" म्हणाल्या होत्या. आम्ही कुणी बघितलंच नाही.
आता त्यांना न्यायचं कसं?

निवडुंग:
माझी आई अशीच होती. "कॅन्सर असेल म्हणून चल" म्हटलं तेव्हा तिने आठ दिवस तोंड उघडून दाखवलं नाही. तुमच्याकडे दाढ आहे. दाढ घासून घ्यायला चला म्हणा, ते खोटंही नाही. सकाळच्या एसटीने न्या, पेट्या भरायच्या दिवशी नको. आणि पुढे डॉक्टरांनी काही सांगितलं तर लपवू नका, म्हाताऱ्या माणसांना आपल्या चेहऱ्यावरून सगळं कळतं.

सुरंगी:
नऊ दिवसांनी लिहितेय. "दाढ टोचते ना, ती घासून घेऊ," म्हटल्यावर त्या स्वतःच लुगडं बदलून ओटीवर येऊन बसल्या.

चिपळूणला नेलं. डॉक्टरांनी दाढेची कड गुळगुळीत केली. फोडाची जागा बोटाने दाबून बघितली, फोटो काढला, माप लिहून ठेवलं. म्हणाले, टोचणं थांबलंय, आता दोन आठवड्यांत भरायला हवा. नाही भरला तर छोटा तुकडा काढून तपासायचा. हे त्यांनी सासूबाईंनाच समोर बसवून सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "तुकडा काढताना दुखेल का?" रक्तात बी-१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली.

आज फोड मला अर्धा वाटतो. रोज सकाळी पडवीत उजेडात बघते, पण रोज बघणाऱ्याला नीट कळत नाही, म्हणून मीही फोटो काढून ठेवतेय. पुढच्या शनिवारी पुन्हा जायचंय. जे निघेल ते इथे लिहीन.

तोवर एक विचारायचंय. मशेरीचा डबा त्यांनी स्वतःहून माझ्याकडे दिला, पण सकाळी बेचैन होतात, दोनदा परत मागितला. पहिल्या दिवशी मी दिला, दुसऱ्या दिवशी नाही दिला. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत क्रमांक आहे, १८००-११-२३५६, तिथे फोन लावणार आहे. पण ज्यांच्या घरी चाळीस-पन्नास वर्षांची मशेरी सुटली त्यांनी कृपया लिहा: सकाळचा तो पहिला तास कसा काढलात?