मदत हवी आहे: लेकीला तीस नंबरची जर्सी घ्यावी का? आणि बाबांना मॅच बघायला कधी बोलवावं?

नमस्कार मंडळी,

पिट्सबर्गला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. क्रिकेट सोडून दुसरा कुठला खेळ मी कधी धड पाहिला नव्हता. लेक पायरेट्स या इथल्या बेसबॉल संघाच्या नादी लागली आणि तिच्यामागून मीही. ती आता अकरा वर्षांची आहे, फेब्रुवारीत वाढदिवस. तिला एकच गोष्ट हवीय, पायरेट्सचा पिचर (बेसबॉलमधला बोलर) पॉल स्कीन्स याची तीस नंबरची जर्सी.

घ्यायला मी तयार आहे. पण हा हिवाळाभर जे कानावर पडतंय त्यानं मन धजत नाही. ज्याला त्याला विचारावं तर एकच उत्तर, "अहो, तो इथे राहणार नाही. डॉजर्स नाहीतर यांकीजसारखे श्रीमंत संघ घेऊन जातील." या जानेवारीत (२०२६) डॉजर्सनी काइल टकर या खेळाडूला चार वर्षांसाठी २४ कोटी डॉलर दिले, तेव्हा लेकीनं जेवतानाच विचारलं, "आई, आता स्कीन्स पण जाणार का?" मला उत्तर देता आलं नाही.

तिचं त्याच्यात किती मन आहे ते सांगते, म्हणजे प्रश्न कळेल. ती स्कोअरची वही ठेवते. बॅटर स्ट्राइकआउट झाला की त्याच्या चौकटीत 'के' लिहायचा, आणि बॅट न हलवता नुसता बघत राहून आउट झाला तर तोच 'के' उलटा काढायचा. स्कीन्स टाकणार असेल त्या दिवशी पेन्सिलीला आधीच टोक काढून ठेवते. १८ मे २०२५ चं पान मी मुद्दाम उघडून बघितलं. फिलाडेल्फियाला त्यानं आठही इनिंग एकट्यानं टाकल्या, रन दिली एकच, आणि मॅच आपण १-० अशी हरलो. पानाच्या तळाशी तिनं बारीक अक्षरात लिहिलंय, "त्याने अजून काय करायचं होतं?" पूर्ण सीझन असाच गेला. दर नऊ इनिंगमागे सरासरी १.९७ रन, साय यंग या सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराला एकूण एक मतदाराची पहिली पसंती, आणि त्याच्या नावावर जिंकलेल्या मॅच १०, हरलेल्याही १०. संघ ७१ जिंकून ९१ हरला.

तर मला नीट समजून घ्यायचंय की तो कधी आणि कसा जाऊ शकतो. त्याच्या हातात किती असतं, मालकाच्या हातात किती? की त्याच्याऐवजी कॉनर ग्रिफिन या नव्या पोराची जर्सी घ्यावी? तो तर आत्ता येतोय, निदान सहा वर्षं राहील, असं नवऱ्याचं म्हणणं. गेल्या ऑगस्टअखेर आम्ही त्याला बघायला दोन तास गाडी चालवून अल्टूनाला, पायरेट्सच्या खालच्या लीगमधल्या संघाच्या मैदानावर, गेलो होतो. तिथे उजवीकडच्या भिंतीपलीकडे रोलर कोस्टर आहे, पण हा पोरगा बेसवर असताना लेकीनं तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

दुसरं, जुगाराचं प्रकरण. क्लीव्हलँडच्या दोन पिचरवर नोव्हेंबरमध्ये खटला भरला गेला. त्यातला लुईस ओर्टीझ २०२४ पर्यंत आपल्याकडे होता, तिच्या जुन्या वहीत त्याची पानं आहेत. तिनं ती पानं फाडू का म्हणून विचारलं. मुलांना हे कसं सांगता तुम्ही?

आणि तिसरं बाबांचं. ते सांगलीला असतात. संध्याकाळी ६:४० ची मॅच त्यांच्याकडे पहाटे ४:१० ला लागते. उठून चहा टाकतात आणि नातीबरोबर फोनवर बघतात. त्यांना एकदा मैदानात बसवायचंय. २०२७ च्या एप्रिल-मेमध्ये बोलवायचा विचार होता, पण तेव्हा लॉकआउट होईल, म्हणजे मालक खेळच बंद ठेवतील, असं ऐकलं. खरं आहे का? त्यांचं वय बघता मला वर्ष वाया घालवायचं नाही.

जाणकारांनी कृपया मदत करा.

डावखुरा:

ताई, आधी तारखेचं. मोठ्या लीगमध्ये सहा वर्षांची नोकरी भरली की खेळाडू फ्री एजंट होतो, म्हणजे कुणाशीही करार करायला मोकळा. वर्ष मोजतात ते १७२ दिवसांचं. स्कीन्स ११ मे २०२४ ला आला, म्हणजे पहिलं वर्ष खरं तर अपुरं होतं. पण तो रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू झाला, आणि खेळाडू व मालकांमधल्या सध्याच्या करारात त्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष धरतात. त्यामुळे २०२९ चा सीझन संपल्यावर तो मोकळा. त्याआधी तो स्वतःहून कुठेही जाऊ शकत नाही.

पगाराचंही तसंच. पहिली तीन वर्षं संघ देईल ते, किमान पगाराच्या आसपास. २०२६ ला किमान पगार ७ लाख ८० हजार डॉलर आहे. स्कीन्सला नव्या खेळाडूंच्या बोनस निधीतून २०२५ साठी वर ३४ लाख मिळाले, तो भाग वेगळा. २०२७ पासून आर्बिट्रेशन, म्हणजे दोन्ही बाजू आकडा सांगणार आणि जमलं नाही तर लवाद त्यातला एक निवडणार.

तुमच्या मिस्टरांना सांगा, ग्रिफिनची जर्सी आत्ता घेऊ नका. पोरगा सोन्यासारखा आहे, २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात) नववा उचलला आणि वर्षभरात देशातला पहिल्या नंबरचा प्रॉस्पेक्ट, म्हणजे होतकरू खेळाडू झाला. पण २०२५ अखेरपर्यंत मोठ्या लीगमध्ये एक मॅच खेळलेला नाही, आणि तेव्हा वयाची वीस वर्षंही पूर्ण नव्हती. तो २०२६ च्या सीझनच्या पहिल्या दिवशी येतो की थोडा उशिरा, यातही सर्व्हिस टाइमचं, म्हणजे नोकरीच्या दिवसांचं गणित आहे. २०१५ ला शिकागो कब्जनी क्रिस ब्रायंटला थोडे दिवस खालच्या लीगमध्ये ठेवून वर आणलं. त्याचे दिवस भरले १७१. एका दिवसानं वर्ष गेलं आणि संघाला तो एक सीझन जास्त मिळाला. त्यानं तक्रार केली, २०२० ला हरला. आता नियम थोडे बदललेत, असा मुलगा पहिल्यापासून खेळवला आणि तो रुकी ऑफ द इयर झाला तर संघाला ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळते. म्हणून आशा आहे.

हिशेबी काका:

डावखुरे यांनी सांगितलं ते बरोबर, पण २०२९ या आकड्यावर विसंबू नका. मी या संघामागे पंचवीस वर्षं आहे. पिचर गेरिट कोलला आपणच २०११ च्या ड्राफ्टमध्ये पहिला उचलला. तो फ्री एजंट होणार होता २०१९ नंतर. त्याला ह्यूस्टनला दिला जानेवारी २०१८ मध्ये, दोन सीझन हातात असताना. त्याच आठवड्यात अँड्र्यू मॅकचनलाही सॅन फ्रान्सिस्कोला पाठवला. फ्री एजंट होऊन गेला तर बदल्यात फारसं काही मिळत नाही, आधी दिला तर तीन-चार तरुण खेळाडू येतात. हाच हिशेब स्कीन्सला लावला तर धोक्याचा हिवाळा २०२७-२८ चा.

आणि लांब करार केला म्हणजे राहिला असंही नाही. केब्रायन हेजनं २०२२ ला आठ वर्षांचा करार केला होता, गेल्या जुलैत त्याला सिनसिनाटीला दिला. ट्रेडला, म्हणजे दुसऱ्या संघाला दिलं जाण्याला, नाही म्हणायचा हक्क आपसूक मिळतो तो दहा वर्षं लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच त्याच संघात काढल्यावर. नाहीतर करारात तसं लिहून घ्यावं लागतं.

मला मनापासून वाईट वाटतं ते यासाठी की हा हक्क मिळवायला खेळाडूंनी फार सोसलंय. कर्ट फ्लडला १९६९ ला सेंट लुईसनं न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तो सुप्रीम कोर्टापर्यंत लढला आणि १९७२ ला हरला. त्याची कारकीर्दच संपली. १९७५ च्या डिसेंबरात लवादानं मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरच्या बाजूनं निकाल दिला, तेव्हा कुठे दार उघडलं. म्हणून स्कीन्स उद्या गेला तर लेकीला "पैशासाठी गेला" असं सांगू नका. कोणी कुठे काम करावं हे ठरवायची पहिली संधी त्याला सत्ताविसाव्या वर्षी मिळणार आहे.

राग धरायचाच तर व्यवस्थेवर धरा. आयपीएलमध्ये २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची पर्स होती, त्यापुढे मुंबईलाही जाता येत नव्हतं. इथे अशी कमाल मर्यादा नाही. ठरावीक रकमेवर गेलात तर दंडवजा कर भरायचा, बस. डॉजर्सनी २०२५ साठी भरलेला नुसता कर आपल्या सगळ्या संघाच्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त आहे. त्यांच्या ओहतानीचे ७० कोटी डॉलर, त्यातले ६८ कोटी २०३४ पासून पुढे द्यायचे. आणि दुसऱ्या टोकाला किमान खर्चाची सक्ती नाही. प्रत्येक संघ स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के वाटा एकत्र टाकतो, तो सगळ्यांत सारखा वाटतात, म्हणजे आपल्याला पैसा येतो. तो मैदानावर दिसत नाही, म्हणून लोक स्टेडियममध्ये "संघ विका" असं ओरडतात. या हिवाळ्यात ब्रँडन लाव आणि रायन ओ'हर्न हे बॅटर आले, ते चांगलंच झालं. पण त्यानं १-० च्या मॅचची सवय लगेच सुटणार नाही.

फिलीकर:

ती १-० ची मॅच मी मैदानात होतो. आमचे फिलाडेल्फियाचे लोकही स्कीन्ससाठी टाळ्या वाजवत होते, हे तुमच्या लेकीला सांगा.

जुगाराचं मी माझ्या मुलाला क्रिकेटवरून समजावलं. २०१० ला लॉर्ड्सवर ठरवून नो-बॉल टाकले गेले होते ना, तसंच. क्लासे आणि ओर्टीझ यांच्यावर आरोप असा की अमुक पिच (टाकलेला चेंडू) 'बॉल', म्हणजे बॅटरच्या टप्प्याबाहेर पडणार हे त्यांनी सट्टेवाल्यांना आधी कळवलं. मॅच हरायची गरज नाही, एक पिच मातीत टाकला की काम झालं. दोघांनी आरोप नाकारलेत, म्हणून निकालाआधी त्यांना दोषी म्हणू नये, हेही मुलाला सांगितलं. लीगनं नंतर एकेका पिचवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा घातली. माझं मत विचाराल तर असल्या पैजा मुळात घेऊच नयेत. एकीकडे मॅचभर सट्ट्याच्या जाहिराती दाखवायच्या आणि दुसरीकडे पैजा लावल्या म्हणून पीट रोझ या जुन्या खेळाडूला १९८९ पासून मरेपर्यंत बाहेर ठेवायचं. २०२४ ला तो गेला, आणि बंदी उठली मे २०२५ मध्ये. मुलं हे बघतात हो, आणि विचारतात.

पानं फाडू देऊ नका. ती वही तिनं पाहिलेल्याची आहे.

बाबांना या वर्षीच आणा. खेळाडू आणि मालकांचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. मालकांना पगारावर कमाल मर्यादा हवी आहे, युनियन ऐकणार नाही. मागचा लॉकआउट २ डिसेंबर २०२१ पासून ९९ दिवस चालला. लीगच्या साइटवरून खेळाडूंचे फोटोसुद्धा काढले होते. त्या वेळी मार्चात मिटलं आणि सगळ्या १६२ मॅच झाल्या. १९९४ चा संप मात्र ऑगस्टात सुरू झाला आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिकाच झाली नाही. २०२७ च्या एप्रिलवर तुम्ही विमानाचे पैसे लावू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा. १४ जुलैला ऑल-स्टार मॅच (सगळ्या संघांतल्या निवडक खेळाडूंची) आमच्याकडे फिलाडेल्फियाला आहे, त्या दोन-तीन दिवसांत पायरेट्सची मॅच नसेल. आणि जून-जुलैत फुटबॉल वर्ल्डकपही इकडे आहे, न्यूयॉर्क किंवा फिलीमार्गे येणार असतील तर तिकिटं आत्ताच बघा.

सातारकर:

ताई, जर्सीचं सोपं आहे. तीस नंबरचीच घ्या, फक्त वाढत्या अंगाची घ्या. आपल्याकडे शाळेचा गणवेश घेतात तशी. २०२९ ला लेक पंधराची होईल. मोठ्यांच्या मापात स्मॉल घेतली तर तोवर पुरेल. मधेच तो गेला तरी इथे साय यंग जिंकलेल्या वर्षाची आठवण म्हणून राहील. माझ्याकडे अजून मॅकचनची २०१३ ची आहे. तो २०२३ ला परत आला तेव्हा तीच घालून गेलो.

जोखीम कमी हवी असेल तर आपल्या ब्रायन रेनॉल्ड्सचा करार २०३० पर्यंत आहे.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, कर्ट फ्लडचं मी तिला रात्री सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे स्कीन्सला निवडू द्यायला पाहिजे." रेनॉल्ड्सचं नाव काढलं तर मान हलवली. सातारकर, स्मॉल मागवली, बाह्या कोपराखाली येतात, तिला चालतंय. ओर्टीझची पानं तशीच आहेत.

बाबांशी बोलले. व्हिसा आहेच, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात येतील. त्यांनी एकच विचारलं, "तीस नंबर कुठल्या दिवशी टाकणार ते आधी कळतं का?" हे कसं बघायचं?

डावखुरा:

तो पाच-सहा दिवसांतून एकदा टाकतो. नावं साधारण दोन-चार दिवस आधी जाहीर होतात, पण पाऊस झाला तर सगळं एक दिवस पुढे सरकतं. म्हणून एका मॅचचं महाग तिकीट काढू नका. घरच्या मैदानावरची सलग सहा मॅचची खेप बघा, त्यात तो जवळजवळ नक्की येतो. आदल्या दिवशी वरच्या मजल्याची तिकिटं घ्या, तिसऱ्या बेसच्या बाजूला. तिथून नदी, पायरेट्सचा जुना महान खेळाडू क्लेमेंटे याच्या नावाचा पिवळा पूल आणि उजवीकडची क्लेमेंटेच्या नंबराएवढी २१ फुटी भिंत समोर दिसते. बाबांना संध्याकाळी गार वाटेल, स्वेटर असू द्या. आणि एक कोरी वही त्यांच्यासाठीही घ्या.