डिफरेन्शियल लॉक केल्यावर टॉर्कची, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोराची, वाटणी नक्की कशी होते?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या कुळागराकडे (सुपारीच्या बागेकडे) जाणारा चढ पावसात नुसता लाल चिखल होतो. गाडी फोर्सची फोर-बाय-फोर गुरखा, पुढे-मागे दोन्हीकडे डिफरेन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जुळणीला) लॉकची सोय. मधल्या चरात मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक अधांतरी होऊन फिरत राहतं. लॉक न लावता फोर-लो (चारही चाकं ओढणारा, कमी वेगाचा पण जास्त जोराचा गिअर) लावला, टायरमधली हवा कमी केली, तरी गाडी जागची हलत नाही. ओपन, म्हणजे लॉक न केलेला, डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, म्हणजे हवेतल्या चाकाइतकाच तुटपुंजा, एवढं कळलंय. मागचा लॉक लावला की गाडी सरळ वर निघते.

गॅरेजवाले म्हणतात, लॉकमध्ये वाटणी ५०-५० होते. मला पटत नाही. लॉकने चाकांचा वेग सारखा होतो, टॉर्क कसा होईल? अशा वेळी मागचा जवळजवळ सगळा टॉर्क जमिनीवरच्या एकाच चाकाच्या ॲक्सल शाफ्टवर (चाक फिरवणाऱ्या दांड्यावर) येतो ना? आणि येत असेल, तर फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर किती जपून द्यायचा?